दोषाची ठेव

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. युधिष्ठिरानं गांडीवाला नावं ठेवली म्हणून प्रतिज्ञेला जागून अर्जुन थोरल्या भावावरच शस्त्र उपसतो, तेव्हा त्याला आवरताना श्रीकृष्ण ती सांगतो. कौशिक नद्यांच्या संगमावर राहायचा. काही झालं तरी खरंच बोलायचं, असं त्याचं व्रत होतं. एकदा दरोडेखोरांच्या भीतीनं काही माणसं तिथल्या रानात शिरली. मागोमाग दरोडेखोर आले. हा खोटं बोलत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्यालाच विचारलं. कौशिकानं रान दाखवलं. माणसं मारली गेली, आणि आयुष्यात एकही खोटा शब्द न उच्चारलेला कौशिक नरकात गेला. धर्म म्हणजे जे धारण करतं ते, हा निकष श्रीकृष्ण याच संवादात पुढं ठेवतो. गोष्ट जुनी आहे, पण तिच्यातला पेच आज बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीसारख्या तालुक्याच्या गावात जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे. लोक ज्या वस्तूवर विसंबून आहेत तिच्यातला दोष एखाद्याला कळला, तर त्यानं तो कुणाला सांगायचा, कधी सांगायचा, आणि न सांगितल्यास तो कशाचा धनी होतो, हा तो पेच.

ज्या दोषाबद्दल मी बोलतो आहे तो फोनच्या गाभ्यातला आहे. संगणकवाले त्याला कर्नल म्हणतात. पडद्यावर दिसणारी ॲप्स ही रयत, आणि गाभा म्हणजे तलाठी. कुठल्या ॲपला मेमरीतली किती जागा दिली, ती कुणाच्या नावावर आहे, काम संपल्यावर परत घेतली की नाही, याचं सगळं दप्तर त्याच्याकडं. एका ॲपला दुसऱ्याशी बोलायचं असेल तरी गाभ्यातूनच जावं लागतं, आणि अँड्रॉइडमध्ये ही देवाणघेवाण करणाऱ्या भागाला बाइंडर म्हणतात. २०१९ च्या शरदात गाजलेली चूक या बाइंडरमधली होती, आणि ती सातबारा वाचणाऱ्याला चटकन कळेल अशी आहे. जमीन परत घेतली गेली, दुसऱ्या कामाला दिली गेली, पण फेरफार पूर्ण झाला नाही. एका यादीत जुन्या खातेदाराचं नाव तसंच राहिलं. त्या नावाच्या जोरावर जुना खातेदार दुसऱ्याच्या शेतात नांगर घालू शकत होता. नांगर घालणारा हुशार असेल तर तो बांध ओलांडत थेट दप्तरापर्यंत पोचतो, आणि मग नोंदी तोच लिहितो. तिथं पोचलेल्याला व्हॉट्सॲपचं कुलूप फोडावं लागत नाही. मालकानं उघडलेला निरोप तो मालकासोबतच वाचतो. त्यासाठी फोनमध्ये आधी एखादं खोडसाळ ॲप शिरलेलं असावं लागतं किंवा ब्राउझरमधल्या दुसऱ्या एखाद्या चुकीची जोड लागते, हे खरं. पण ॲप उतरवून घेताना कोण किती पाहतं, हेही सगळ्यांना माहीत आहे.

गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटातल्या मॅडी स्टोन यांनी ही चूक २७ सप्टेंबर २०१९ ला नोंदवली आणि सातच दिवसांनी ती जगाला सांगितली. एरवी हा गट दुरुस्तीसाठी नव्वद दिवस देतो. चोर त्या वाटेनं आधीच ये-जा करत असल्याचा पुरावा हाती असेल, तर मुदत सात दिवसांवर येते. बाधित फोनांच्या यादीत गूगलचे स्वतःचे पिक्सेल होते, सॅमसंगचे महागडे होते, आणि शाओमीचा रेडमी ५ए होता. हा शेवटचा फोन नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्याकडं ४,९९९ रुपयांना आला तो ‘देश का स्मार्टफोन’ असं बिरुद मिरवत, आणि ज्यांनी त्याआधी स्मार्टफोन हाती धरला नव्हता अशा घरांकडं त्याचा रोख होता. पण या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत जड गोष्ट वेगळीच आहे. ही चूक नवी नव्हतीच. लिनक्सच्या गाभ्यात ती नोव्हेंबर २०१७ मध्ये एका स्वयंचलित तपासणीत सापडली होती आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुरुस्तही झाली होती. दुरुस्ती चार-दोन ओळींची होती आणि उघड्यावर पडलेली होती. फक्त, ही सुरक्षेतली भेग आहे, हिच्यातून माणूस आत शिरू शकतो, असं तिच्यावर कुणी लिहिलं नाही, धोक्याच्या नोंदवहीतला क्रमांकही तिला मिळाला नाही. त्यामुळं ती विकल्या गेलेल्या अनेक फोनांपर्यंत गेलीच नाही. दीड वर्षाहून अधिक काळ औषध कपाटात राहिलं आणि रोगाचं नाव कुणी घेतलं नाही.

कुणी लबाडी केली असं इथं म्हणता येत नाही. पण ‘नरो वा कुंजरो वा’ हे आपण ज्या प्रसंगावरून बोलतो तो आठवावा. युधिष्ठिराच्या तोंडून शब्द सगळे निघाले. जो शब्द द्रोणाचार्यांच्या कामाचा होता, तो मात्र त्यांच्या कानापर्यंत पोचेल अशा आवाजात निघाला नाही. महाभारतकार इथं सूक्ष्म हिशेब मांडतात: जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. खोटं पूर्ण बोललं गेलं नव्हतं, तरी रथ टेकला. सत्य उच्चारणं आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत पोचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धर्म दुसरीचा हिशेब विचारतो, असं मी या प्रसंगातून वाचतो. फेब्रुवारी २०१८ ची ती दुरुस्ती अशीच पुटपुटलेली होती.

माझं म्हणणं असं, की दुसरे ज्यावर विसंबून आहेत अशा वस्तूतल्या दोषाचं ज्ञान ही मालमत्ता नसते, ठेव असते. बुलढाणा जिल्ह्यात ठेव या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पतसंस्थांच्या या मुलखात तो घरातल्या बाईमाणसांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. ठेव आपल्या तिजोरीत असते पण आपली नसते. ती काही काळ सांभाळता येते, तिच्यासाठी मुदत ठरवता येते, पण मुदत संपल्यावर ती धन्याला द्यावी लागते आणि मधल्या काळात ती गुपचूप दुसऱ्याला विकता येत नाही. दोषाच्या ज्ञानाचा धनी तो, ज्याचं त्या दोषामुळं नुकसान होऊ शकतं आणि ज्याला तो स्वतःहून दिसू शकत नाही. सोयाबीनचं पोतं काट्यावर ठेवणाऱ्याला काट्याचं पोट उघडून पाहता येत नाही, म्हणून वैधमापन खात्याचा निरीक्षक ते पाहतो आणि शिक्का मारतो. निरीक्षकाला काटा खोटा दिसला आणि तो काही न बोलता पुढं गेला, तर त्या काट्यावर पुढं तोललेल्या प्रत्येक पोत्यातल्या तुटीचा तो भागीदार झाला. काटा त्यानं बिघडवला नव्हता, हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की दोष कुठल्या कामात नसतो? गीतेच्या अठराव्या अध्यायातला धूर आणि अग्नीचा दाखला आपल्याकडं त्यासाठी नेहमी दिला जातो. कोट्यवधी ओळींच्या गाभ्यात चुका राहणारच, मग त्यावरून पाप-पुण्याची भाषा कशाला? मी हा आक्षेप पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच दोष आणि पाप यांच्यात मला रेघ ओढायची आहे. चूक राहणं हा दोष. कळलेली चूक लपवणं हे पाप. ही रेघ किती खरी आहे ते लिनक्सच्याच दुसऱ्या एका प्रकरणात दिसतं. ‘डर्टी काऊ’ नावानं ओळखली गेलेली गाभ्यातली चूक कित्येक वर्षं तिथं होती आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ती दुरुस्त झाली. अँड्रॉइडचे फोनही तिच्या तडाख्यात होते. दुरुस्ती करताना लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी सोबतच्या टिपणात उघड लिहिलं, की ही जुनीच चूक आहे, अकरा वर्षांपूर्वी आपणच ती बुजवण्याचा एक प्रयत्न केला होता आणि तो नीट नव्हता. त्या टिपणात सबब नाही, सारवासारव नाही, आपलं नाव मात्र आहे. अशी कबुली देणाऱ्याच्या हातून झालेल्या चुकीचं ओझं हलकं होतं की नाही हे देव जाणे. पण पुढच्या माणसाला कुठं पाहायचं ते कळलं, आणि ठेव धन्याकडं गेली.

दुसरा आक्षेप कौशिकाचा आहे आणि तो खरोखर अवघड आहे. दोष जाहीर केला की तो चोरांनाही कळतो. बाइंडरच्या बाबतीत तसं घडल्याचं दिसतं. प्रोजेक्ट झीरोनं चूक जाहीर केली, ती कशी वापरता येते याचा नमुनाही मांडला, आणि जानेवारी २०२० मध्ये ट्रेंड मायक्रोच्या संशोधकांना गूगलच्या प्ले स्टोअरवर तीन खोडसाळ ॲप्स सापडली. त्यांतलं कॅमेरो नावाचं ॲप हीच भेग वापरून फोनचा ताबा घेत होतं. मग मॅडी स्टोन यांनी कौशिकासारखं रानच दाखवलं का? मला तसं वाटत नाही, पण ‘सत्य ते सत्य’ एवढं म्हणून हा आक्षेप झटकणंही मला पटत नाही. कौशिकाचं चुकलं कुठं, हे नीट पाहिलं पाहिजे. त्यानं सत्य सांगितलं हे चुकलं नाही. लपलेल्या माणसांना कळायच्या आत मारेकऱ्यांना सांगितलं, हे चुकलं. रानात जाऊन ‘ते आले आहेत, पलीकडच्या वाटेनं निघा’ असं सांगणंही सत्यच होतं. ते आधी सांगायला हवं होतं. सत्याला पत्ता असतो, आणि क्रमही असतो. आधी दुरुस्ती करणाऱ्याला, ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत संपली की सगळ्यांना. बाइंडरच्या वेळी दरोडेखोर आधीच रानात शिरलेले होते. अंधारात होती ती फक्त लपलेली माणसं. त्या वेळी गप्प बसणं हे कौशिकाच्या बोलण्याइतकंच घातक झालं असतं. चूक कशी वापरायची याचा नमुना त्याच दिवशी सगळ्यांपुढं ठेवायला हवा होता का, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तिथं माझा कल थोडं थांबण्याकडं आहे. धोका आहे हे कळणं हा धन्याचा हक्क आहे. कुलपाची दुसरी किल्ली घडवून चव्हाट्यावर टांगणं हा त्या हक्काचा भाग नव्हे.

तिसरा आक्षेप राज्याच्या बाजूनं येतो आणि तो राजधर्माची भाषा बोलतो. दहशतवाद्यांच्या फोनमध्ये शिरायचं तर राज्याला अशा भेगा हव्यात, मग त्या माहीत असूनही गप्प राहणं हा राजधर्मच नाही का? या प्रश्नाला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच एक उत्तर मिळालेलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधली एक भेग अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं वर्षानुवर्षं स्वतःपाशी राखून ठेवली होती. त्या भेगेतून शिरण्यासाठी घडवलेलं हत्यार संस्थेच्या हातून निसटलं आणि एप्रिल २०१७ मध्ये चव्हाट्यावर आलं. मायक्रोसॉफ्टनं महिनाभर आधी, मार्चमध्ये, दुरुस्ती दिली होती, पण जगभरच्या असंख्य संगणकांवर ती बसलेली नव्हती. २७ जून २०१७ ला युक्रेनमधून सुटलेल्या नॉटपेट्या या विषाणूनं त्याच हत्याराचा आधार घेत मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बसवली, आणि तिच्या समूहाकडं असलेलं न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. माल घेऊन आलेल्या गाड्या खोळंबल्या. अमेरिकेतल्या तिजोरीत ठेवलेल्या गुपिताचं नुकसान रायगड जिल्ह्यातल्या धक्क्यावरच्या माणसांनी सोसलं. भेग एकदा सगळ्यांच्या भिंतीत असली की ती फक्त शत्रूच्या घरात उघडी ठेवता येत नाही. एकाच कारखान्याचं कुलूप चोराच्या आणि साधूच्या दाराला असतं.

आणि शत्रू कोण, हे ठरवणारा हातही भेग राखणाऱ्याचाच असतो. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनं इस्रायलच्या एनएसओ या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. पेगासस हे हेरगिरीचं साधन सुमारे १,४०० जणांच्या फोनवर सोडल्याचा तो आरोप होता. व्हॉट्सॲपनं सावध केलेल्यांत भारतातले पत्रकार, वकील आणि कार्यकर्ते होते, आपल्या विदर्भातल्या नागपूरचे वकीलही होते. आपण हे साधन फक्त सरकारांना विकतो, असं एनएसओच सांगत आली आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २७ ऑक्टोबर २०२१ ला निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली आणि राष्ट्रीय सुरक्षेचं नुसतं नाव घेतल्यानं न्यायालय मागं सरणार नाही, असं बजावलं. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितलं गेलं ते इतकंच: तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली, ती पेगाससच होती असं ठरवता आलं नाही, आणि केंद्र सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही. आरोप सिद्ध झाला असं यावरून म्हणता येणार नाही आणि मी म्हणत नाही. पण प्रजेच्या प्रश्नाला राजानं उत्तरच द्यायचं नाही, ही गोष्ट राजधर्माच्या कुठल्याही जुन्या-नव्या व्याख्येत बसवून दाखवावी.

‘आमच्या फोनमध्ये लपवण्यासारखं आहे तरी काय?’ असं साध्या माणसाकडून ऐकू येतं. त्यात प्रामाणिकपणा आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. फोन आता हौसेचा राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतकऱ्यानं शिवारात उभं राहून फोनवरून फोटो काढून पेऱ्याची नोंद करावी, अशी रीत पडली. बँकेचा ओटीपी फोनवर येतो, किराण्याचे पैसे फोनवरून जातात. राज्य आणि बाजार दोघांनी मिळून हा फोन माणसाच्या हातात दिला आहे, आणि ज्यानं वस्तू अपरिहार्य केली त्याच्यावर ती सुरक्षित ठेवण्याचं ऋणही चढतं. दुसरं असं, की या फोनमध्ये फक्त आपलं काही नसतं. मेव्हण्याच्या आजाराचे रिपोर्ट असतात, शेजारणीनं रात्री पाठवलेला रडका निरोप असतो, पुण्याला नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचा खोलीचा पत्ता असतो. त्या सगळ्या त्यांच्या ठेवी आहेत. माझ्यापाशी लपवण्यासारखं काही नाही, असं म्हणून दुसऱ्याच्या ठेवीचं दार उघडं टाकण्याचा अधिकार मला मिळत नाही.

शेवटचा आक्षेप मला स्वतःला सगळ्यांत जास्त सलतो. दोष जाहीर झाला, मुदत पाळली गेली, महागड्या फोनांना दुरुस्ती मिळाली. पण ज्या फोनला कंपनीनं दुरुस्त्या पाठवणंच थांबवलं आहे त्याचं काय? त्याच्या मालकाला सत्याचा काय उपयोग झाला? चोराला वाट कळली आणि याला दार मिळालं नाही. सत्याचा लाभ श्रीमंताला आणि जोखीम गरिबाला, अशी ही वाटणी होते, आणि मुदत व क्रम यांचा माझा सगळा युक्तिवाद या माणसापाशी येऊन अपुरा पडतो. म्हणून ठेवीची कल्पना आणखी मागं, विक्रीच्या क्षणापर्यंत न्यावी लागते. या फोनची काळजी आपण कधीपर्यंत घेणार, हेही दोषाचंच ज्ञान आहे, कारण त्या तारखेनंतर सापडणारी प्रत्येक भेग उघडीच राहणार हे विकणाऱ्याला विकतानाच कळत असतं. ब्रिटननं एप्रिल २०२४ पासून ही मुदत ग्राहकाला सांगणं सक्तीचं केलं. युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून, मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं दुरुस्त्या देण्याचं बंधन घातलं. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या गुणवत्तेची आणि दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. तो फोनच्या गाभ्यापर्यंत न्यायला फार मोठी उडी लागत नाही.

कारण ही उडी आपण बियाण्याच्या बाबतीत कधीच मारली आहे. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीला शिवलेल्या लेबलवर उगवणशक्ती छापलेली असते, किमान सत्तर टक्के, आणि ते कुठल्या तारखेपर्यंत वापरायचं तेही. पिशवी, लेबल आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवा, असं कृषी खातं दर मृगाला सांगतं. २०२० च्या खरिपात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलं नाही तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आपणहून दखल घेतली, आणि तेव्हा तक्रारीला आधार होता तो याच कागदांचा. बियाण्याच्या पोटात काय आहे हे शेतकऱ्याला पाहता येत नाही, म्हणून ज्याला पाहता येतं त्यानं ते लिहून द्यायचं, हे तत्त्व कायद्यानं १९६६ मध्येच मान्य केलं. फोनमध्येही एक तारीख असते. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ असं लिहिलेल्या जागी खाली खाली गेलं की ‘अँड्रॉइड सिक्युरिटी पॅच लेव्हल’ अशी एक ओळ सापडते आणि तिच्यापुढं शेवटची दुरुस्ती कधीपर्यंतची आहे ते दिसतं. ती मागची तारीख आहे, आणि ती विकत घेतल्यावर दिसते. चिखलीतल्या कृषी केंद्रात लेबल उलटून पाहणारा माणूस मोबाईलच्या दुकानात जाऊन खोकंही तसंच उलटून पाहतो. तिथं कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असतात, बॅटरीचे एमएएच असतात, किंमत असते. दुरुस्त्या कधी थांबणार ती तारीख तिथं नसते. ती ठरवणाऱ्याला मात्र ती ठाऊक असते.